मामी ऑटम होती

जगातली निम्मीअधिक दुःखं चुकीच्या रंगाचा ब्लाउज घातल्यामुळे होतात, असं छातीठोकपणे सांगणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली आणि ती माझी सख्खी मामी होती. उरलेली दुःखं कशामुळे होतात, असं एकदा वडिलांनी तिला चेष्टेत विचारलं, तर ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "चुकीच्या रंगाच्या शर्टामुळे." आणि वडिलांच्या पिस्ता रंगाच्या बुशशर्टाकडे तिने असं काही पाहिलं, की ते उठून आत गेले आणि बनियनवर बाहेर आले.

मामा विमान कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होता. अंधेरी पूर्वेला, विमानतळापासून सायकलच्या टप्प्यात, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल मामी कधी बोलत नसे. ज्या गोष्टीबद्दल ती बोलत नसे अशी तेवढी एकच. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवायचं आणि ते लांब गेलं की अर्धवट राहिलेल्या शब्दापासून पुढे सुरू करायचं, अशी त्या घराची रीत होती. "वरच्या कुलकर्णीणबाईंना कोणीतरी सांगा, तो पोप—" एवढ्यात विमान यायचं. मामी हात वर करून, डोळे मिटून थांबायची, आणि आवाज ओसरला की "—टी रंग त्यांना मारतो!" असं वाक्य पुरं करायची. नवा पाहुणा गोंधळून जाई. आम्हा घाटकोपरच्या भाचरांना त्याची इतकी सवय झाली होती, की आमच्या शांत घरात परतल्यावर काही दिवस कोणाचं बोलणं न थांबता चाललंय याचंच नवल वाटे.

मूळ मामी वेंगुर्ल्याची. कपड्यांची हौस तिला पहिल्यापासून, पण हौसेचं शास्त्र झालं ते लंडनमध्ये. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मामाला कंपनीकडून बायकोसाठी फुकट तिकीट मिळालं आणि मामी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला तिकडे गेली. बहीण तिथे नर्स होती. जाताना मामीने डिंक, आहळीव, बाळंतशेपा आणि अर्धी पिशवी कोकमं नेली, आणि येताना एक बटव्याएवढं पाकीट आणलं. त्यात कापडाचे छोटे छोटे तुकडे पंख्यासारखे एकत्र शिवलेले होते. बहिणीने भेट म्हणून तिला तिथल्या एका बाईकडे नेलं होतं. ही बाई लोकांना त्यांचे रंग सांगायची, आणि तोच तिचा धंदा होता. तिने मामीला तोंड धुवायला लावलं, खिडकीशी बसवलं, केसांवर पांढरं फडकं बांधलं आणि गळ्याखाली एकामागून एक रंगीत कापडं धरत गेली. एका कापडाने मामी कावीळ झाल्यासारखी दिसे, दुसऱ्याने नुकती माहेरी जाऊन आल्यासारखी. शेवटी त्या बाईने निकाल दिला, "यू आर ॲन ऑटम."

"इतकी वर्षं मी स्वतःला ओळखत नव्हते गो," मामी परत आल्यावर आईला म्हणाली. "त्या गोऱ्या बायने अर्ध्या तासात ओळखलंन."

शास्त्र असं होतं, की माणसं चार प्रकारची असतात: स्प्रिंग, समर, ऑटम आणि विंटर. कातडीखाली कोणाच्या पिवळी झाक असते, कोणाच्या निळी. कोणाची ठळक, कोणाची हलकी. त्यावरून ऋतू ठरतो, आणि ऋतूवरून साडी, ब्लाउज, टिकली, काजळ, सगळं ठरतं. मामी ऑटम, म्हणजे तिला हळदी, विटकरी, शेवाळी, तांबूस तपकिरी हे रंग. गुलाबी मात्र तिला विष. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त गुरुजींनी आक्षेप घेतला, की आपल्याकडे ऋतू सहा आहेत, मग हे चारच का? मामी म्हणाली, "गुरुजी, अंधेरीत दोनच आहेत. उकाडा आणि चिखल. मी चार देतेय, तर घ्या ना!"

आता गुलाबी विष ठरल्यावर पहिला घाव बसला तो मामावर. मामा अबोल माणूस. बायकोबद्दलचं प्रेम व्यक्त करायची त्याची एकच तऱ्हा होती: दर दिवाळीला दादरला जाऊन तो एकटाच तिच्यासाठी साडी आणायचा आणि ती न चुकता गुलाबी असायची. कधी फिकट, कधी राणी, कधी कांद्याच्या सालीसारखी, पण गुलाबीच. लंडनहून आल्यावर मामीने त्या सगळ्या बाहेर काढल्या आणि बोहारणीला देऊन स्टीलचा मोठा डबा घेतला. मामा कामावरून आला, डबा पाहिला आणि "बरा आहे" म्हणाला. आम्हाला वाटलं, आता संपलं. पण पुढच्या दिवाळीला हा माणूस ते कापडी तुकड्यांचं पाकीट खिशात घालून दादरला गेला. दुकानातल्या दिव्यात रंग फसवतात असं मामीने सांगितलं होतं, म्हणून एकेक साडी घेऊन तो रस्त्यावर उजेडात येऊन तुकड्याशी ताडून बघत होता. हा गिऱ्हाईक आहे की साडीचोर, ते बघायला दुकानदाराने त्याच्यामागे नोकर पाठवला. मामा शेवटी एक विटकरी साडी घेऊन आला. मामीने ती गॅलरीत नेऊन पाहिली आणि म्हणाली, "झकास! तुमच्याइतकी नजर तर त्या बायचीपण नव्हती." मामा त्या दिवशी जेवताना दोनदा हसला, आणि मामा दोनदा हसला ही आमच्याकडे सांगण्यासारखी बातमी होती.

लोकांचे रंग बघण्यासाठी मामीने स्वतःची कापडं जमवली ती स्टेशनजवळच्या मॅचिंग सेंटरमधून. हे दुकान म्हणजे भिंतभर फक्त ब्लाउजपीस, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. बायका साडी घेऊन जातात, पाच मिनिटांत मॅचिंग घेतात आणि निघतात. मामी साडी न घेताच जायची आणि दुपार घालवायची. "साडी किधर है, भाभी?" दुकानदार विचारी. "साडी नहीं, बाई का मॅचिंग है," असं ती उत्तर देई. तो तिला इतका घाबरायचा, की ती पायरी चढताना दिसली की आपल्या भावाला पुढे करून स्वतः मागे चहा प्यायला जाई.

मग रविवारी सकाळी तिच्या गॅलरीत रंग बघायला बायका येऊ लागल्या. फुकट, शिवाय चहा. गॅलरीत उजेड स्वच्छ यायचा. खुर्ची, हातात आरसा, केसांवर पांढरं फडकं. पावडर पुसायची, काजळ पुसायचं. इथवर ठीक होतं. पण मामी म्हणाली, कपाळावरचं लाल डोळ्यांना फसवतं, तेही नको. त्यावर शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी जिन्यात उभं राहून रान उठवलं, "सवाष्णींना कुंकू पुसायला सांगते ही बया!" मामी डगमगली नाही. तिने पांढऱ्या कापडाची पट्टी काढली आणि कुंकू न पुसता त्यावरून कपाळाला बांधायला सुरुवात केली. त्यानंतर रविवारी मामीची गॅलरी रस्त्यावरून बघणाऱ्याला अपघात विभागासारखी दिसायची: डोक्याला पट्ट्या बांधलेल्या बायका रांगेने बसल्यात आणि चहा पिताहेत.

तिच्या निदानाला स्थळकाळाचं बंधन नव्हतं. बिल्डिंगमध्ये पहिला रंगीत टीव्ही आला, तेव्हा बाकी सगळे रंग दिसताहेत म्हणून खूश होते आणि मामी रंग दिसताहेत म्हणून हळहळत होती. बातम्या देणाऱ्या बाईची साडी पाहून ती "अरेरे, समर आहे बिचारी" म्हणायची, आणि देशात काय झालं ते कोणालाच कळायचं नाही. लग्नात नवरी पाठवणीला रडू लागली की ती माझ्या कानात कुजबुजे, "रडेल नाहीतर काय करील? स्प्रिंग पोरीला जांभळट शालू नेसवलाय." फॅमिली डॉक्टरांना तिने तोंडावर सांगितलं, की तुमच्या बदामी शर्टामुळे पेशंटची आशा सुटते. डॉक्टर हसले, पण पुढच्या वेळी निळ्या शर्टात होते. आणि विंटर असलेल्या बाईला सोनं शोभत नाही, चांदीच शोभते, हे तिने एका नव्या पाटल्या केलेल्या बाईंना पाटल्यांचे पेढे खाता खाताच सांगितलं. त्या बाई पुढे कित्येक दिवस जिन्यात मामी दिसली की पुन्हा वर जायच्या. लोक रागवायचे, पण पुन्हा यायचे. कारण मामी खोटं बोलत नसे, आणि एक गोष्ट ती कोणालाच सांगत नसे: गोरं कसं व्हायचं. कोणी विचारलं तर भडकायची. "कातडी बदलायची नसते गो, कापड बदलायचं असतं."

एकच व्यक्ती त्या खुर्चीत बसायला तयार नव्हती, ती म्हणजे माझी ताई. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. ताई सावळी. सावळी हा शब्द आई वापरायची. बाकीचे दुसरा वापरायचे. लहानपणापासून तिला बदामी, मोतिया, फिकट आकाशी असेच कपडे मिळाले. गडद रंगात आणखी काळी दिसशील, असं आईचं म्हणणं. वर पावडर. त्या पावडरीने तिचा चेहरा उजळत नसे, राखाडी होई. पण ते तिला सांगणार कोण? मामीने आग्रह केला की ताई म्हणे, "माझा कुठला ऋतू असणार मामी? अमावस्या."

एका रविवारी मामीने तिला हाताला धरून बसवलंच. मी शेजारी उभी होते. आधी मामीने ताईचा नेहमीचा बदामी रंग गळ्याखाली धरला, आणि खरं सांगते, ताई विझली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं आमच्याकडे बघायला लागली. मग हिरवा, मग विटकरी, मग निळा. मग मामीने गडद जांभळं कापड काढलं, पिकल्या जांभळाच्या रंगाचं, आणि ते ताईच्या खांद्यावरून सोडलं. विमान नव्हतं, काही नव्हतं, तरी मामी गप्प. ताईचे डोळे एवढे मोठे आहेत हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तिची कातडी तुकतुकीत, ओल्या काळ्या पाषाणासारखी दिसत होती.

"बघ," मामीने आरसा दिला.

ताईने बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ही मी?"

"नाही, शेजारीण! तूच ना. विंटर आहेस तू. आख्ख्या खानदानात एकटी. आम्ही सगळे पालापाचोळा."

ताईने ते कापड पुढे बराच वेळ खांद्यावरून काढलंच नाही. तशीच चहा प्यायली. पुढच्या पगाराला तिने गडद निळी साडी घेतली. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींनी विचारलं, लग्न ठरलं का? ती घरी येऊन हे सांगताना हसत होती, आणि आई खाली मान घालून तांदूळ निवडत होती.

पुढे खरंच एक स्थळ आलं. बोरीवलीचे लोक, मुलगा इंजिनिअर. याआधी दोन ठिकाणांहून ताईला नकार आला होता, त्यामुळे आईने या वेळी देव पाण्यात ठेवायचे तेवढे बाकी ठेवले होते. फिकट गुलाबी साडी इस्त्री करून काढली, पावडरचा नवा डबा आणला. आणि बघायच्या दिवशी सकाळीच मामी अंधेरीहून बसने आली, काखेत पिशवी आणि पिशवीत गडद जांभळी सिल्कची साडी.

"वहिनी," आई म्हणाली, "हा खेळ नाही. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"म्हणूनच तर म्हणतेय, वन्सं. त्या गुलाबीत ती माफी मागायला बसल्यासारखी दिसते."

"आणि याच्यात काळी दिसेल."

"आहेच ती काळी! काळी आणि सुंदर. लपवून काय करायचं? उद्या नवऱ्याला उजेडात दिसणार नाही का?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मामीने आवाज खाली आणला, पण साडी खाली ठेवली नाही. शेवटी ताईच आतून आली. "आई, मी जांभळी नेसते," ती म्हणाली. "नाही म्हणायचं असेल तर मला बघून म्हणू देत."

ताई त्या दिवशी जशी दिसली तशी मी तिला पुन्हा क्वचितच पाहिली. एरवी ती पाहुण्यांसमोर जमिनीकडे बघत बसे. त्या दिवशी मान वर करून बोलली. मुलाच्या आईने एक्स्चेंजबद्दल विचारलं, तेव्हा रात्रपाळीच्या गमती सांगून तिने सगळ्यांना हसवलं. मुलगा तेवढा घड्याळाकडे बघत होता. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, पोहे गार होऊ देत, ताईकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता, की परक्या माणसाला तीच मुलीची आई वाटली असती.

आठवड्याभरात मध्यस्थांकडून निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण रंग जरा जास्तच आहे.

आई तडक अंधेरीला गेली. मी सोबत होते. मामीने दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला कणीक होती. आई आत गेलीच नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "तुमच्या त्या चिंध्यांनी माझ्या पोरीची वाट लावली. स्वतःची असती तर केला असता का असला प्रयोग?"

आईला ते वाक्य तिथल्या तिथे गिळून टाकावंसं वाटलं असणार, कारण जिना उतरताना ती कठडा धरून दोनदा थांबली. पण परत वर गेली नाही. मामी कणकेचे हात तसेच धरून दारात उभी होती, आणि तिच्या मागे मामा खुर्चीतून अर्धवट उठला होता.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मामा एकटा आला. ओवाळून घेतलं, जेवला, गेला. पुढच्या भाऊबीजेलाही एकटाच आला. मामी कशी आहे, असं वडिलांनी विचारलं तर म्हणाला, "बरी आहे. रविवारचं बंद केलंन सगळं." मॅचिंग सेंटरवाल्याने त्याला रस्त्यात अडवून विचारलं होतं, भाभी बीमार आहे का. कापडं कुठे गेली, असं मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं.

आणि मग मुलुंडला एका लग्नात आईला ते मध्यस्थ भेटले. बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या मुलीच्या वेळी उगाच झालं हो. त्या मुलाचं आधीपासून ऑफिसातल्या एका मुलीशी जमलेलं होतं. आईवडिलांनी जबरदस्तीने आणला होता. काहीतरी कारण द्यायचं म्हणून रंगाचं दिलं." आई जेवायला न बसताच घरी आली. आता ती उद्या अंधेरीला जाईल, असं मला वाटलं. पण आईला जमलं नाही. चातुर्मास संपू दे, म्हणाली. मग संक्रांतीनंतर जाऊ, म्हणाली. मग तिचे गुडघे दुखू लागले. मामीचं नाव निघालं की ती उठून देवापुढची वात सारखी करायला जाई. असे बरेच दिवस गेले, आणि ताई तोवर आपली गडद निळी, काळी, किरमिजी साडी नेसून कामावर जातच होती. तिने कोणावरच राग धरला नाही, पण मामीकडे चल म्हटलं की म्हणे, "आधी आईने जायला हवं. नाहीतर मामीला वाटेल, मी दया करायला आले."

शेवटी ताईच्या आधी माझंच लग्न ठरलं. मामाला आणि मामीला आमंत्रण करायला जाणं भाग होतं. आम्ही तिघी गेलो.

मामीने दार उघडलं आणि "या, या, बसा" म्हणाली. ती थोडी वाळली होती. अंगावर फिकट राखाडी वॉयल. आईने कुंकू लावलं, अक्षत दिली, आणि हात तिच्या हातातच ठेवून म्हणाली, "वहिनी, त्या मुलाचं आधीच ठरलं होतं हो. रंगाचं नुसतं निमित्त. मला कळून कितीतरी दिवस झाले."

"हो का?" मामी म्हणाली. "बरं झालं सांगितलंत." आणि चहा टाकायला उठली.

"मामी," ताईने तिला थांबवलं, "त्या दिवशी मी छान दिसत होते ना?"

मामीने वळून तिच्याकडे पाहिलं. ताई किरमिजी साडीत होती. मामीची नजर तिच्या चेहऱ्यावर क्षणभर रेंगाळली आणि मग खाली गेली. "दिसत होतीस," ती म्हणाली.

"मग झालं तर. माझं काही गेलं नाही मामी. मिळालंच."

मामीने मान हलवली, पण ते तिच्यापर्यंत पोचलं असं मला वाटलं नाही. चहा झाला, लाडू झाले. आई पदराने डोळे पुसत होती आणि मामीच तिची समजूत घालत होती, की जाऊ द्या वन्सं, असं होतंच. ती इतकी समजूतदारपणे बोलत होती, की मला तिथे बसवेना. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "मामी, शालू कुठल्या रंगाचा घेऊ ते सांग. आई डाळिंबी म्हणतेय. माझ्या सासूबाई तर चक्क मोतिया म्हणताहेत." तिने ताडकन उठावं, मला गॅलरीत ओढावं, आईला चार शब्द सुनवावेत आणि माझ्या न पाहिलेल्या सासूची वेंगुर्ल्याच्या बोलीत उत्तरपूजा करावी, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

मामीने माझ्या गालावरून हात फिरवला.

"कुठलाही घे गो," ती म्हणाली. "तुला आवडेल तो."